अकरा सेकंद

रात्री झोपले तेव्हा संगणक जुना होता.
सकाळी पाहते तर स्वतःच स्वतःला नवा करून बसलेला.
खिडक्यांचे कोपरे गोल,
आणि वर एक नम्र वाक्य:
तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे.

सगळं म्हणजे काय, त्याला काय ठाऊक.

छोटी चित्रं ठीक होती, नखाएवढी, रांगेत:
कार्माच्या चर्चची आवारभिंत, तिच्यावरची दगडफुलं,
दर ऑक्टोबरला एक फोटो,
एकोणीस ऑक्टोबर.
एकावर टिचकी मारली, मोठं केलं,
तर काळं.
नुसतं काळं नाही, त्यात एक हिरवी रेघ थरथरणारी,
आतून कुणी दार किलकिलं करून पाहावं तशी.
दुसऱ्याचे चौकोन झालेले, तेही भलत्याच जागी,
शिकाऊ गवंड्याने बसवलेली फरशी.
तिसऱ्यात पिवळं दगडफूल जांभळं.

जांभळं!
ते पिवळं की हिरवट पिवळं, एवढ्यावरून
टार्टूच्या एका प्राध्यापकाशी
मी सहा वर्षं बोलले नव्हते.

मग दुखणं रेड्याला नि डाग पखालीला.
पडद्याची केबल बदलली.
रंगांची जुनी नोंद पुसली, नवी केली, तीही पुसली.
साठवलेल्या छोट्या चित्रांचा डबाच उपडा केला;
तो पुन्हा भरेपर्यंत बटाटे उकडून झाले,
सोलून झाले, खाऊन झाले.
बाहेर साडेतीनला अंधार.
काळं होतं ते काळंच.

शेवटी तावेतला फोन.
‘बंद करून चालू केलंस?’
‘चारदा.’
‘मावशी, चित्रं धड आहेत. डोळे बिघडलेत.’
‘कुणाचे?’
‘यंत्राचे गं. चित्रं काढणारी चिप जुनी आहे,
तिला या नव्याची बोली कळत नाही.
तिला सुट्टी दे.
सेटिंग, तिसरं पान, अगदी तळाला एक चौकट असेल,
तिच्यातली बरोबरची खूण काढ.’
काढली.
‘आता हळू चालेल हं,’ तो म्हणाला,
मागे त्याची ट्राम की काय घणघणली, फोन कटला.

हळू म्हणजे अकरा सेकंद. मी मोजले.
चित्र वरून खाली येतं, चौकोना-चौकोनाने,
आधी धुरकट, मग टोकदार.
आधी आभाळाची चिंधी.
मग चुनखडीचा दगड, त्याची चीर.
मग ते, पिवळं, (हिरवट नाही),
वर्षाला अर्धा मिलिमीटर सरकणारं,
आणि मी आजवर त्याला
पापणी लवते न लवते तोच उघडत आले, मापलं, मिटलं.
मग मोजपट्टी. सात, आठ, नऊ.
आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कोपऱ्यातला चौकोन:
पट्टी दाबून धरलेला अंगठा.

छापताना दरवेळी कापलेला.

नखाच्या कडेला निळा रंग.
नास्वाच्या बंदरात होड्या रंगवायची लेईदा,
टर्पेंटाइनने हात धुवायचा कंटाळा,
‘काढ लवकर, बोटं गारठली’ म्हणत राहायची
आणि पट्टी तसूभरही हलू द्यायची नाही.

पुढचं वर्ष उघडलं. अकरा सेकंद. अंगठा.
पुढचं. अंगठा, यंदा चिकटपट्टी बांधलेला.
पुढचं.
नवव्या ऑक्टोबरात पट्टीवर एक गोटा ठेवलेला आहे.
गोटाही बरा आहे. पट्टी किंचित तिरकी.
त्या वर्षीचं माप मी तेव्हाच
पेन्सिलीने लिहिलं होतं, शंकेसह.

आज तावेतचा निरोप: नवा ड्रायव्हर आलाय,
चढव, खूण परत कर, पहिल्यासारखं पळेल.
लिहिलं, बघते.
मग खोडून लिहिलं, नाताळात येशील तेव्हा तूच कर,
घाई नाही,
आणि येताना थोडा वेळ काढून ये,
एक चित्र उघडायला वेळ लागतो.